नेमस्त कार्ड

कार्ड कुठलं घ्यायचं हे ठरवायला श्रीरंग कुंभोजकरांना बेचाळीस दिवस लागले, आणि तेवढ्यात त्यांच्या बायकोच्या, उज्ज्वलाच्या, नाकी नऊ आले.

बँकेची चार कार्डं होती. एकावर गाडीच्या चार्जिंगचे पॉइंट जास्त, एकावर विमानप्रवासाचे, एकावर किराण्याचे. चौथ्याचं नाव होतं नेमस्त. श्रीरंगरावांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, घरातल्या सहा वर्षांच्या खर्चाचे आलेख काढले आणि रोज सकाळी पोहे खाता खाता तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुझ्या गुडघ्याचं तेल किती दिवस पुरतं? आपली केतकी पुण्याहून येते तेव्हा आपण बाहेर जेवतो की घरी? गौरी-गणपतीच्या साड्या आधी घेतो की ऐनवेळी?

"अहो, पोरीचं स्थळ बघतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही," ती म्हणाली. "किराण्याचं घ्या आणि टेबल मोकळं करा. दुपारी मला पापडाचं पीठ मळायचंय."

"किराण्याच्या कार्डावर अडीच टक्के परत मिळतात. नेमस्तवर अकरापर्यंत जातात. पण त्याला घर नेमाचं लागतं."

घर नेमाचं म्हणजे काय, ते त्यांनी तिला दोन दिवस समजावलं. समजावण्यात त्यांचा हातखंडा होता. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात त्यांनी एकच काम केलं होतं: कोयनेतून पाणी सोडलं की ते सांगलीला किती तासांत पोचेल आणि कृष्णा किती फुटांवर जाईल, हे आधी सांगायचं. त्यांचा अंदाज अर्ध्या फुटाच्या पलीकडे क्वचित चुकायचा. निवृत्त झाल्यावर नदी सुटली, अंदाजाची खोड सुटली नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "ज्या पत्रात काय लिहिलंय ते तुला आधीच माहीत आहे, ते पत्र आलं काय नि न आलं काय, सारखंच. त्यात नवीन काही नाही. ज्यात काय असेल याचा पत्ताच नाही, ते पत्र खरं पत्र. कुठल्याही बातमीत अनपेक्षित किती आहे, हे आकड्यात मोजता येतं. ते गणित शंभर वर्षांपूर्वीचं आहे, तारायंत्र आणि टेलिफोनवाल्यांचं. आता तेच गणित घरांना लावलंय."

"घरांना कशाला?"

"दुकानदाराचा खरा खर्च मालावर होत नाही, तो अनपेक्षितावर होतो. कुणी कधी काय मागेल सांगता येत नाही म्हणून तो जास्तीचा माल भरतो, शीतगृहाचं भाडं भरतो, कुजलेलं फेकतो. सांगलीतल्या प्रत्येक घरानं आपण पुढच्या महिन्यात काय घेणार ते आधी सांगितलं, तर हा सगळा खर्च वाचेल. घरं सांगत नाहीत. पण यंत्र त्यांच्या जुन्या खरेद्या बघून ओळखतं. ज्या घराचा अंदाज बरोबर येतो, त्या घराला दुकानं वाचलेल्या पैशातला वाटा देतात. बँक मधली. घर जितकं ठरल्याप्रमाणे वागेल तितका त्याचा नेमांक जास्त. शंभरपैकी."

"आणि आपला किती?"

"एक्क्याण्णव," श्रीरंगराव म्हणाले. मुलगा बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तेहेतीस वर्षं एका माणसाबरोबर संसार केला की आपलं घर कंटाळवाणं आहे, हे बाईला कळलेलंच असतं. पण त्याला शंभरपैकी गुण मिळालेत हे ऐकून उज्ज्वलाला कसंसंच झालं. तिनं वाद घातला नाही. टेबल मोकळं झालं, यातच तिला आनंद होता.

जूनमध्ये कार्ड आलं. जुलैपर्यंत तिला कळून चुकलं की टेबल मोकळं झालं असलं तरी घर मोकळं राहिलेलं नाही. सामान आपोआप दारात यायचं, आणि ते बरोबरच असायचं. तिला संपत आलेला हिंग आठवायच्या आदल्या दिवशी हिंग हजर. पण एका बुधवारी तिला वाटलं, आज दडपे पोहे करावेत, म्हणून कोपऱ्यावरून दोन नारळ आणले, तर संध्याकाळी श्रीरंगराव मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले.

"नारळ का घेतलेस?"

"फोडायला."

"तसं नाही गं. एकदम दोन. नेमांक पाव अंकानं उतरला. आधी सांगायचं होतंस. एकवीस दिवस आधी कळवलं की ते अनपेक्षितात धरत नाहीत."

"दडपे पोहे खावेसे वाटणार हे मी एकवीस दिवस आधी कसं सांगू?"

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला, हे तिनं पाहिलं, आणि तिला आणखीच चीड आली. ते चिडले असते तर तिला भांडता आलं असतं. पण ते चिडायचे नाहीत. फक्त जिना उतरताना एखादी पायरी कमी निघावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. पैशांचा त्यांना हव्यास नव्हता. मिळालेल्या पॉइंटचं काय करायचं, हे त्यांनी ठरवलंही नव्हतं. त्यांना अंदाज बरोबर यायला हवा होता, बस्स.

सप्टेंबरात तिचा मोठा भाऊ आला. दिलीपदादा आटपाडीला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता, आता निवृत्त. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि दोन खोल्यांच्या घरात तो एकटाच राहायचा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सांगलीच्या दवाखान्यात पुढच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. तो आदल्या गुरुवारीच येऊन थडकला. बरोबर पिशवीभर डाळिंबं आणि दोन कपडे.

एवढ्या लवकर का आला, हे उज्ज्वलाला न सांगता कळलं. त्याला जेवायला सोबत हवी होती. पहिल्या दिवशी तो दोन भाकऱ्या खाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं आग्रह केल्यावर चार खाल्ल्या, दुपारी आईच्या वेळच्या गोष्टी काढल्या, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. वहिनी गेल्यापासून तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना श्रीरंगरावांनी मोबाइल पुढ्यात धरून विचारलं, "दादा, तुमचं परत जायचं कधीचं धरू?"

दिलीपदादानं कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"काही नाही, इथं पाहुण्यांची नोंद करायची असते. किती माणसं, किती दिवस. तारीख टाकली की प्रश्न मिटला. मी दहा दिवस टाकलेत, पण नक्की आकडा असला तर बरं."

"अहो," उज्ज्वला ओट्यापाशी होती, तिथूनच म्हणाली. तेवढ्या एका शब्दात कुणाही नवऱ्याला कळलं असतं.

"नुसती तारीखच तर विचारतोय," ते म्हणाले.

दादा हसला, पण ते कालचं हसू नव्हतं. "बरोबर आहे श्रीरंगराव. माणसानं जायची तारीख सांगून यावं."

दुपारी ती बाजारातून आली तेव्हा त्याची पिशवी भरलेली होती. आटपाडीत पाण्याची पाळी आहे, शेजाऱ्याला त्रास नको, ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू, अशी तीन कारणं त्यानं एका दमात सांगितली. ती एसटी स्टँडपर्यंत त्याच्या मागे गेली, हात धरला, रागावली. तो म्हणाला, "उजे, तुझ्या नवऱ्याच्या मनात काही नाही, मला माहीत आहे. पण मला आकड्यात बसता येत नाही गं." आणि गाडीत चढताना त्याचा पाय पायरीवर नीट पडेना, तो चाचपडला, हे तिनं पाहिलं.

घरी येऊन ती बोलली. खूप बोलली. श्रीरंगराव सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी त्यांना जा म्हणालो नाही." ते खरं होतं. खऱ्याशी भांडता येत नाही, म्हणून तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं ठरवलं, त्या नेमांकाचा निकालच लावायचा. दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली आणि भांड्यांच्या बाजारातून पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला. घरात गच्चीवर सौर पाणी होतं, न्हाणीघरात गीझर होता. बंबात घालायला लाकूड नव्हतं, आणि तो ठेवायला जागाही नव्हती. एकवीस हजारांचा बंब रिक्षात आडवा घालून तिनं आणला, बैठकीच्या खोलीत मधोमध उभा केला आणि म्हणाली, "आता बघा किती उतरतो ते."

श्रीरंगरावांनी मोबाइल पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तिच्याकडे वळवला. नेमांक ब्याण्णव. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: या तिमाहीत घरातील एका सदस्याकडून मोठी, गरज नसलेली एक खरेदी अपेक्षित होती. ती झाली. अभिनंदन.

उज्ज्वला बंबाला टेकून खाली बसली.

"हे कसं काय?" तिनं विचारलं.

"एका माणसाचा अंदाज अवघड असतो," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं, आणि ते कुणाचं होतं ते सांगायला नको. "पण लाखो घरं बघितली की वळणं सापडतात. पाहुण्याची नोंद दहा दिवसांची आणि पाहुणा तिसऱ्या दिवशी गेला, की त्या घरात पुढे काय काय होतं, हे त्यांनी हजारो वेळा पाहिलेलं असतं. नदीचं तसंच आहे. थेंब कुठं जाईल सांगता येत नाही, पूर सांगता येतो."

तिनं त्याच दुपारी बँकेला फोन लावला. यंत्राचा आवाज बाईचा होता, गोड आणि कोल्हापुरी वळणाचा.

"कार्ड बंद करायचंय," उज्ज्वला म्हणाली.

"नक्की करू, उज्ज्वलाताई. दहाव्या दिवशी पुन्हा फोन करा, तेव्हा तुमची विनंती नोंदवून घेते."

"आज का नाही?"

"तुमच्यासारख्या घरांतून असा फोन आला की साधारण नऊ दिवसांत राग शांत होतो, असं आमचं निरीक्षण आहे. नंतर लोकांना कार्ड परत हवं असतं. तुमचा त्रास वाचावा म्हणून ही सोय."

"माझा राग शांत होणार नाही."

"हेही बहुतेक जण म्हणतात, ताई."

उज्ज्वलानं फोन ठेवला. घरात राहावं तर नवरा ऐकत नाही, रागवावं तर राग आधीच कुणीतरी मोजून ठेवलेला. तिला आपल्याच घरात आपण कुणीतरी लिहिलेलं वाचून दाखवतोय असं वाटायला लागलं. दहाव्या दिवशी फोन करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तेही त्यांना माहीत असणार, या विचारानं ती पुढे चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

ऑक्टोबरच्या आठ तारखेला आटपाडीहून दादाच्या शेजाऱ्याचा फोन आला. दादा अंगणातल्या पायरीवरून पडला होता. पायरी त्याला दिसलीच नव्हती. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, कपाळाला सहा टाके पडले होते. डोक्याला आतून मार नव्हता, एवढं नशीब.

उज्ज्वलानं पिशवी भरली. श्रीरंगराव दारात उभे होते. "मी येऊ?" त्यांनी विचारलं.

"तिथं माणसं मोजायला कुणी नको," ती म्हणाली आणि निघाली.

आटपाडीत पंधरा दिवस कसे गेले, तिला कळलं नाही. दादाला भरवायचं, आंघोळीला हाताला प्लास्टिक गुंडाळायचं, डोळ्यात थेंब घालायचे. तो लाजायचा, मग चिडायचा, मग गप्प बसायचा. एकदा म्हणाला, "मी तेव्हाच थांबलो असतो तर ऑपरेशन होऊन गेलं असतं. माझाच ताठा नडला." कुणाचा ताठा नडला, हे तिला चांगलं ठाऊक होतं. श्रीरंगरावांचे फोन यायचे, ती दादाच्या तब्येतीचं दोन वाक्यांत सांगून ठेवून द्यायची.

सोळाव्या दिवशी, सकाळच्या एसटीनं, ते स्वतः आले. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. दादा आत झोपला होता. ते अंगणातल्या बाजेवर बसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"तुला एक दाखवायचंय," त्यांनी मोबाइल काढला.

"मला तो आकडा बघायचा नाही."

"आकडा नाही. वाच."

बँकेचा निरोप होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपलं घर एका माणसाचं होण्याची शक्यता एकाहत्तर टक्के. त्याप्रमाणे किराणा कमी करत आहोत. नेमांकावर परिणाम होणार नाही.

तिनं तारीख पाहिली. वीस सप्टेंबर. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"दादा पडणार हे त्यांना कसं कळलं?"

"ते नाही कळलं. पडणं त्यात नाहीच. ते नसते पडले तरी तू गेली असतीस, असं त्यांचं म्हणणं. कारण कुठलंही चाललं असतं."

उज्ज्वलानं आपल्या मनात डोकावून पाहिलं. खोटं म्हणायला तिची जीभ उचलेना.

मग तिला दुसरं सुचलं. "हे तुम्ही कधी वाचलंत?"

श्रीरंगराव तांब्याकडे बघत राहिले. "आलं त्याच दिवशी."

"अठरा दिवस आधी?"

"हो."

"मी घर सोडून जाणार हे तुम्हाला अठरा दिवस माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

"अंदाज बरोबर येतो का ते बघत होतो."

अंगणात शेजाऱ्याची शेळी येऊन डाळिंबाच्या साली खात होती, तिला हाकलायचंही उज्ज्वलाला सुचलं नाही. तेहेतीस वर्षांत या माणसानं तिला अनेकदा वैताग दिला होता. पण असं थंडगार काही तिला त्याच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

"मी पण तेच म्हणतोय," श्रीरंगराव हळू आवाजात म्हणाले, जणू तिचं बोलून झालं होतं. "तू गेल्यावर सातव्या दिवशी सामान आलं. एका माणसाचं. अर्धा किलो तांदूळ, एकच दुधाची पिशवी. सगळं बरोबर होतं, उरलंसुरलं काही नाही. मी नेमांक बघितला, चौऱ्याण्णव. आणि माझ्या डोक्यात आलं, की खात्यात असताना मी रात्रभर नदीच्या पातळीची पट्टी वाचत बसायचो ती कशासाठी? नदीकाठच्या गावभागातली माणसं पाण्याआधी हलवायला. पाणी चढणार हे मला माहीत आहे, आणि मी कुणाला कळवलंच नाही, नुसता पुलावर उभा राहून बघत बसलो, असं झालं असतं तर मला निलंबित केलं असतं. आणि बरोबर केलं असतं."

उज्ज्वलानं शेळीला अंगणाबाहेर हाकललं.

"कार्ड?" तिनं विचारलं.

"बंद करायला फोन केला. त्या यंत्रातल्या बाईनं दहा दिवस सांगितले. मी रोज करतोय. आज सहावा." ते जरा थांबले. "तू सत्तावीस तारखेला परत येशील, असा त्यांचा अंदाज आहे."

"तुम्ही तो बघितलात?"

"बघितला. सवय लवकर जात नाही."

त्या कबुलीनं तिचा राग गेला नाही, पण त्याचं टोक बोथट झालं. खोटं बोलले असते तर तिनं त्यांना त्याच एसटीनं परत पाठवलं असतं.

"मी सत्तावीसला येणार नाही," ती म्हणाली. "ते म्हणतात म्हणून नाही. दादाचं प्लास्टर तेव्हा निघत नाही म्हणून. निघालं की त्याला घेऊन सांगलीला येईन, डोळ्याचं करून घेऊ, आणि तो राहील. किती दिवस, ते त्याला कुणी विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"आणि तो बंब मी परत करणार नाही."

"राहू दे," ते म्हणाले. मग चाचरत विचारलं, "तोवर मी इथं राहिलो तर चालेल?"

"दोन खोल्या आहेत. एकवीस दिवस आधी कळवलंत का?"

त्यांनी मान खाली घातली. आतून दादाच्या खोकल्याचा आवाज आला, मग हाक आली, "उजे, कोण आलंय?"

"तुझे मेहुणे," ती म्हणाली.

आत खाट करकरली. मग दादा म्हणाला, "बाहेर का बसवलंयस मग त्यांना?"

श्रीरंगराव आत गेले. दारातून तिला एवढंच दिसलं, की ते दादाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि दादानं डाव्या हातानं त्यांच्या खांद्यावर थोपटून त्यांना मध्येच थांबवलं.

संध्याकाळी घरातलं दूध संपलं होतं. श्रीरंगराव म्हणाले, मी आणतो. किती आणू, हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. डेअरीवरून ते अर्ध्या तासानं परतले तेव्हा दोन्ही हातांत एकेक बरणी होती. रोख पैसे देऊन त्यांनी पाच लिटर दूध आणलं होतं.

"अहो, तीन माणसं आहोत आपण," उज्ज्वला म्हणाली. "एवढ्या दुधाचं मी काय करू? फ्रिजसुद्धा धड चालत नाही इथला."

"तीन माणसांना किती लागतं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "घरी आपोआप यायचं."

ती बोलणार होती. बोलायला पुष्कळ होतं. पण दादा खाटेवरून म्हणाला, "बासुंदी कर. हिला आटवायला लावायची नाही, श्रीरंगराव, हिचा खांदा दुखतो. तुम्ही ढवळा."

मोठी कढई चुलीवर चढली. श्रीरंगरावांनी बाह्या सारल्या, उलथनं हातात घेतलं आणि दुधाकडे बघत उभे राहिले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"आटेपर्यंत," उज्ज्वला म्हणाली. मग त्यांचा हात धरून, कडेला धरलेली साय खाली कशी ढकलायची ते तिनं दाखवलं, आणि वेलदोडे सोलायला बसली.